फाईल पाठवण्याआधी एकदा दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली सगळी कार्यालयं, बँका, पतसंस्था, विकास सोसायट्या, शाळा आणि कॉलेजं. थोडक्यात, ज्या ज्या टेबलावरून लोकांना मोबाईलवर फाईल जाते ते प्रत्येक टेबल.

स.न.वि.वि.

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. काउंटरवर रोज कुणी ना कुणी मोबाईल पुढे करतं. हातावर केळीच्या चिकाचे काळे डाग, मोबाईलच्या काचेला तडा, आणि तोंडी एकच वाक्य: "भाऊ, उघडस नही, तू देख." विम्याची पावती असते, कर्जाचं पत्र असतं, पोरीच्या शिष्यवृत्तीचा कागद असतो. फाईल तुमच्याकडून आलेली असते आणि हा माणूस आधी तुमच्याकडेच जाऊन आलेला असतो. तिथे त्याला सांगितलेलं असतं, "आमच्याकडे तर उघडते. तुमचा मोबाईल खराब आहे."

हे पत्र त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. मोबाईल खराब असतोही कधी कधी, त्यावर पुढे येतोच. पण माझ्याकडे येणाऱ्या न उघडणाऱ्या फायलींत बहुतेक वेळा घोळ पाठवणाऱ्याच्या टोकाला झालेला असतो, आणि तिथे तो पाठवण्याआधी दोन मिनिटांत पकडता येतो. गावाकडून तोच घोळ निस्तरायला परत तुमच्या दारात यायचं, तर माणसाचा एक रोज बुडतो, एसटीचं भाडं वेगळं. चाळीसगाव-रावेरचं सोडा, धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला जिल्ह्याला जाऊन यायचं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

अशी फाईल आली की मी ती उघडायच्या मागे लागत नाही. आधी तिचा आकार बघतो. शून्य केबी दिसलं तर विषय संपला, आत काही नाहीच, नुसतं नाव आलं आहे. दोन-तीन केबी दिसलं तर संशय घ्यायचा, कारण स्कॅन केलेल्या दहा पानांच्या आदेशाची पीडीएफ तीन केबीत बसत नाही. मग ती फाईल संगणकावर घेतो आणि नोटपॅडमध्ये उघडतो. खरी पीडीएफ असेल तर अगदी सुरुवातीला टक्क्याची खूण, त्यापुढे 'पीडीएफ' ही तीन इंग्रजी अक्षरं आणि आवृत्तीचा आकडा दिसतो. बाकी सगळं न वाचता येणारं असतं, ते तसंच असायला हवं. पण पुष्कळदा तिथे 'एचटीएमएल' दिसतं. म्हणजे ती पीडीएफ नव्हेच, वेबसाईटचं पान आहे.

होतं असं. ऑपरेटरने पोर्टलवर लॉगिन केलेलं असतं, मध्ये साहेबांनी हाक मारलेली असते, परत येईपर्यंत लॉगिनची मुदत संपलेली असते. मग डाउनलोड दाबलं की पोर्टल कागदाऐवजी 'पुन्हा लॉगिन करा' हे पान पाठवतं, आणि संगणक इमानदारीने तेच पीडीएफ नावाने जपून ठेवतो. ऑपरेटर उघडून न बघता पुढे ढकलतो. ती फाईल तुमच्याकडेही उघडत नसते. "आमच्याकडे उघडते" हे वाक्य न बघताच बोललं गेलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

अशा फाईलवर ॲडोबी रीडर जो निरोप दाखवतो तोही लोकांना चकवतो. फाईलचा प्रकार चालत नाही किंवा ती खराब झाली आहे, उदाहरणार्थ ईमेलने पाठवताना नीट उलगडली नसेल, असं काहीसं तो इंग्रजीत म्हणतो. झालं, सगळे ईमेलला नावं ठेवतात. ईमेलचा त्यात बहुधा काही दोष नसतो. याचाच धाकटा भाऊ म्हणजे फोटो काढून त्याचं नाव बदलून डॉट पीडीएफ करणं. नाव बदललं म्हणून आतला फोटो कागद होत नाही. फोटोची पीडीएफ करायची तर प्रिंटमध्ये जाऊन 'सेव्ह ॲज पीडीएफ' करायचं, एवढंच काम आहे.

दुसरा प्रकार अर्धवट उतरलेल्या फाईलचा. भुसावळकरांना हा पटकन कळेल. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला 'एलव्ही'ची पाटी असते. ती दिसली तरच गाडी पूर्ण आली असं स्टेशनवाला धरतो. पीडीएफच्या अगदी शेवटी तशीच एक खूण असते, टक्क्याच्या दोन खुणा आणि 'ईओएफ'. त्याच्या जरा आधी फाईलमधला कुठला तुकडा कुठे ठेवला आहे याचा तक्ता असतो. वाचणारं सॉफ्टवेअर आधी शेवटाकडे जातं, हा तक्ता शोधतं आणि मगच पानं दाखवतं. नेट मध्येच तुटलं आणि फाईल नव्वद टक्के उतरली, तर नव्वद टक्के पानं दिसतील असं नाही. तक्ताच आला नाही म्हणून कधी एकही पान दिसत नाही. क्रोम किंवा फायरफॉक्स कधी कधी तो तक्ता स्वतः नव्याने जुळवून फाईल उघडून दाखवतात, म्हणून रीडरने नकार दिला की मी ती ब्राउझरमध्ये टाकून बघतो. पण खरा उपाय पुन्हा उतरवणं हाच. त्यासाठी मूळ फाईल तुमच्याकडे जागेवर हवी. सातपुड्याच्या कडेच्या गावात रेंज कशी येते-जाते हे तुम्हाला माहीत आहे. साठ एमबीचं स्कॅन तिथे पाठवणं म्हणजे ते अर्धवटच पोचावं अशी सोय करण्यासारखं आहे. स्कॅनर रंगीत आणि सहाशे डीपीआयवर ठेवलेला असतो, तो दोनशेवर आणि काळा-पांढरा करा. वाचायला तेवढं पुरतं.

आता मराठीच्या मुळावर आलेला प्रकार. फाईल उघडते, पानं दिसतात, पण पानावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची मिसळ. पतसंस्थांची आणि शाळांची पत्रं यात पुढे असतात, कारण तिथे अजून श्रीलिपी, कृतिदेव, आकृती, नाहीतर डीव्हीबी सुरेख चालू आहे. हे फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरंच साठवतात, वर नुसता मराठीचा मुखवटा असतो. कृतिदेवमध्ये 'क' म्हणजे इंग्रजी 'डी' आणि काना म्हणजे 'के'. तुम्ही 'काका' टंकलं की फाईलमध्ये 'डीकेडीके' पडतं. तुमच्या संगणकात तो फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला काका दिसतात. ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला डीकेडीके. आणि मोबाईलवर तो फॉन्ट कुणाकडेच नसतो.

उपाय दोन. एक, युनिकोडमध्ये टंका, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठी म्हणूनच साठतं. विंडोज २००० पासून देवनागरीचा फॉन्ट, आधी मंगल आणि आता निर्मला, विंडोजबरोबरच येतो आणि आजच्या मोबाईलमध्ये देवनागरी असतेच, म्हणून युनिकोडचा मजकूर वाचायला वेगळं काही टाकावं लागत नाही. जुन्या टंकलेखकाचा हात बसलेल्यांना नव्या कळफलकाची सवय जड जाते, हे मान्य. पण रेमिंग्टनच्या, म्हणजे त्याच जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीने थेट युनिकोड टंकता येतं, अशी साधनं फुकट मिळतात. बोटांची सवय मोडायची गरज नाही. दोन, जुना फॉन्ट सोडवतच नसेल तर निदान पीडीएफ करताना तो फॉन्ट फाईलच्या पोटात घाला. वर्डमध्ये 'सेव्ह ॲज पीडीएफ' करताना 'ऑप्शन्स' आहे, तिथे 'पीडीएफ/ए' नावाची चौकट असते, तिच्यावर टिक करा. पीडीएफ/ए हे कागद वर्षानुवर्षं टिकावेत म्हणून २००५ मध्ये ठरलेलं प्रमाणक आहे, आणि फॉन्ट आत असलेच पाहिजेत ही त्याची अट आहे. झालं की नाही हे बघायचं असेल तर रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबा, 'फॉन्ट्स'वर जा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' लिहिलेलं दिसलं पाहिजे.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडीतले जुने कागद ठेवले आहेत. मोडी येणारा माणूस बसवला की ते आजही वाचून होतात. त्याच खान्देशातल्या एखाद्या सोसायटीची वीस वर्षांपूर्वीची सभासद यादी मात्र फॉन्टची सीडी हरवली म्हणून डोळ्यांसमोर असून वाचता येत नाही. ती पुन्हा टंकून द्यायचं काम माझ्याकडे येतं, पैसेही मिळतात, तरी सांगतो की हे बरं नाही.

फाईलच्या नावाचा घोळ फार कमी लोकांना ठाऊक आहे. तुम्ही नाव देता: 'प्रधानमंत्री पीक विमा योजना खरीप हंगाम शेतकऱ्यांची पात्र व अपात्र यादी जळगाव जिल्हा अंतिम दुरुस्त प्रत'. विंडोजवर हे नाव बिनबोभाट चालतं, कारण तिथे २५५ पर्यंत अक्षरं मोजली जातात. अँड्रॉइड आणि लिनक्समध्ये अक्षरं मोजत नाहीत, बाइट मोजतात, आणि मर्यादा २५५ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला, हलन्तालासुद्धा तीन. एकट्या 'महाराष्ट्र' शब्दाला तीस बाइट जातात. वरचं नाव मोजून बघा, मर्यादेच्या पार पुढे जातं. मग झिपमधून काढताना ती एक फाईल निघतच नाही, किंवा नावाचं शेपूट कापलं जाऊन डॉट पीडीएफच गळून पडतं आणि मोबाईलला कळत नाही की ही फाईल कशात उघडायची. शेपूट गळालं असेल तर नाव बदलून डॉट पीडीएफ परत जोडलं की काम होतं, मी तेवढंच करून देतो आणि समोरचा माणूस मला जादूगार समजतो. मराठीत नाव द्यायला माझी ना नाही. उलट मराठीतच द्या. पण 'पीकविमा यादी रावेर' एवढं पुरे आहे. 'अंतिम', 'अंतिम दुरुस्त', 'अंतिम दुरुस्त नवीन' हे आपापल्या मनात ठेवा.

कधी फाईल उघडते आणि सगळ्या पानावर फक्त 'प्लीज वेट' म्हणून इंग्रजी परिच्छेद येतो. लोक खरंच थांबतात हो. मोबाईल हातात धरून बसून राहतात, चार्जिंग संपेपर्यंत. तो फॉर्म एक्सएफए नावाच्या जुन्या पद्धतीचा असतो, संगणकावरच्या ॲडोबी रीडरमध्ये उघडेल, मोबाईलच्या बहुतेक ॲपमध्ये नाही. २०१७ मध्ये आलेल्या पीडीएफ २.० च्या प्रमाणकाने ही पद्धत मोडीत काढायची असं ठरवलं आहे. तुमच्याकडे असे फॉर्म शिल्लक असतील तर ते छापून, स्कॅन करून तरी द्या, नाहीतर पत्रातच एक ओळ लिहा: हा फॉर्म मोबाईलवर उघडणार नाही.

वर्डची फाईल नुसती वाचायला पाठवू नका. मोबाईलवर तक्ते विस्कटतात आणि रकाना कुठला नि आकडा कुठला हे कळेनासं होतं. आरएआर करून पाठवू नका, झिप चालते.

पासवर्डचं थोडक्यात. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल. ई-पॅनचा म्हणजे जन्मतारीख, आठ आकड्यांत. बँकांचे नियम आपापले वेगळे, ते ज्या ईमेलबरोबर फाईल येते त्यात लिहिलेले असतात. तुमचा माणूस ईमेलमधली फाईल तेवढी काढून व्हॉट्सॲपवर टाकतो आणि नियम ईमेलमध्येच राहतो. मग आमच्याकडे आप्पा जन्मतारीख, गाडीचा नंबर, नातवाचं नाव, सगळं टाकून बघतात. फाईलबरोबर नियमाची ओळ पाठवा. पासवर्ड नको, फक्त नियम.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याबद्दल मात्र मला तुमच्यातल्या काहींशी भांडायचं आहे. फाईल उघडते, स्वाक्षरीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, आणि टेबलावरून सांगितलं जातं की हा उतारा खोटा आहे. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच, की तुमच्या संगणकातल्या रीडरला सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र ओळखीचं नाही. नेट चालू ठेवून सहीवर उजवं बटण दाबा, सही तपासायला सांगा, तिच्या माहितीत जाऊन प्रमाणपत्राची साखळी बघा, सगळ्यात वर 'सीसीए इंडिया' दिसेल. 'ट्रस्ट'मध्ये जाऊन ते विश्वासाच्या यादीत घाला, पुन्हा तपासा. सही खरी असेल आणि फाईलला कुणी हात लावला नसेल तर हिरवी टिक येते. त्या संगणकावर हे एकदाच करायचं असतं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली आहे, तुमच्या रीडरच्या सेटिंगने ती जात नाही. आणि कृपा करून ती पीडीएफ 'प्रिंट टू पीडीएफ' करून पुढे पाठवू नका. असं केलं की सहीचं नुसतं चित्र उरतं, तपासायला आत काही राहत नाही.

आता मोबाईलच्या बाजूचं, कबूल केल्याप्रमाणे. जागा भरलेली असते. लग्नाचे व्हिडिओ आणि सुप्रभातची फुलं काढली की फाईल उतरते. कधी व्हॉट्सॲपवर फाईल नुसती दिसते, खाली उतरवलेलीच नसते, बाणावर बोट लावायचं राहिलेलं असतं. फार जुना निरोप असेल तर फाईल सर्व्हरवरून गेलेली असते, ती पुन्हाच मागवावी लागते. आणि कुणीतरी एकदा चुकून पीडीएफ भलत्याच ॲपमध्ये 'नेहमी' उघडायला सांगितलेली असते, ते सेटिंगमध्ये त्या ॲपचं 'डिफॉल्ट' काढलं की सुटतं. एवढंच. यातलं काहीही नवा मोबाईल घ्यायला लावणारं नाही.

तुमच्या न उघडणाऱ्या फायलींची सगळ्यात महाग किंमत कुठे मोजली जाते ते सांगतो. "फाईल उघडत नाही? मग हे ॲप टाका," हे वाक्य चोरांचं आवडतं आहे. पीएम किसानच्या नावाने, वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने डॉट एपीके फायली फिरतात. एपीके हा कागद नाही, ते ॲप असतं. टाकलं की ते मोबाईलवरचे मेसेज वाचतं, ओटीपी पळवतं, खातं रिकामं होतं. ज्या माणसाला महिन्यातून दोनदा खऱ्या कार्यालयाची फाईल उघडत नाही, त्याला काहीही करून फाईल उघडायची सवय लागते. आलेल्या प्रत्येक चौकटीत तो 'हो' दाबतो. अशा माणसाला सावध रहा म्हणून पोस्टर लावून उपयोग नाही. खरी फाईल पहिल्या बोटात उघडली, तर न उघडणारी फाईल आपोआप संशयाची ठरेल.

म्हणून मागणं एवढंच आहे. प्रत्येक टेबलावर फाईल पाठवायच्या आधी ती एका अशा मोबाईलवर उघडून बघा, जो ती बनवणाऱ्याचा नाही. शिपाईदादांचा चालेल, नव्हे तोच उत्तम, कारण तो आमच्या गिऱ्हाइकांच्या मोबाईलसारखा असतो. निरोपात फाईलच्या शेजारी एक ओळ लिहा: पीडीएफ आहे, इतकी पानं, इतके एमबी, पासवर्डचा नियम असा. घेणाऱ्याला लगेच कळेल की आपल्याकडे पूर्ण आली की अर्धवट. मूळ फाईल निदान हंगाम संपेपर्यंत जागेवर ठेवा. आणि उघडत नाही म्हणून फोन आला तर आधी आकार विचारा, मोबाईलची कंपनी नंतर.

शाळांना एक जास्तीचं: पालकांच्या गटावर निकालपत्र टाकण्याआधी जुने फॉन्ट बघाच. दहावीच्या पोराच्या निकालात डीकेडीके बघून एक आजी माझ्या दुकानात रडायच्या बेताला आल्या होत्या. त्यांना वाटलं पोरगा नापास झाला. पोरगा चांगल्या मार्कांनी पास होता.

ज्या टेबलाला शंका असेल त्यांनी आपल्या फाईलचा नमुना, लोकांची नावं आणि आकडे काढून, माझ्याकडे पाठवायला हरकत नाही. दुकानात एक जुना अँड्रॉइड आहे, एक विंडोज ७ चा संगणक आहे आणि माझा स्वतःचा फोन आहे. तिन्हींवर उघडून काय दिसलं त्याचा फोटो परत पाठवीन. पैसे घेणार नाही. फक्त खरिपाच्या विम्याची मुदत संपायच्या आठवड्यात पाठवू नका, तेव्हा काउंटरवर उभं राहायला जागा नसते.

आपला,
एक झेरॉक्सवाला
जिल्हा जळगाव